भाताची बदनामी आणि आमची कबड्डी

आजकाल भाताला कोणी चांगले म्हणत नाही. पोट सुटले, दोष भाताचा. रक्तातली साखर वाढली, दोष भाताचा. दुपारी वर्गात डुलकी लागली तरी खापर भातावरच फुटते. प्राध्यापकांच्या व्याख्यानाकडे कोणी बोट दाखवत नाही! मुरूड तालुक्यातील काशीद हे माझे गाव. तेथे ही बदनामी प्रथम आणली ती मुंबईकर पाहुण्यांनी. शनिवार-रविवारी समुद्राकडे गाड्यांची रांग लागते आणि सुरूच्या झाडांमागच्या घरगुती खानावळींतून एक नवी फर्माईश ऐकू येते. "मावशी, भात-भाकरी नको. सुरमईची तुकडी मात्र एक जास्त वाढा." मावशींचे त्यात नुकसान काहीच नाही, तुकडीचे पैसे वेगळे मिळतात. पण त्यांना मनापासून प्रश्न पडतो की, ही माणसे भाताशिवाय जगतात तरी कशी?

जगतात, आणि बरीच जण ठीक जगतात. प्रश्न जगण्याचा नाही, धावण्याचा आहे. आणि धावण्याचा प्रश्न आमच्या गावच्या मुलामुलींच्या दृष्टीने पोटापाण्याचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या आहाराचे नाव किटोजेनिक. बोलण्यात नुसते 'किटो'. नियम असा की, पिष्ट आणि साखर मिळून दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमच्या आत ठेवायची, प्रथिने बेताची घ्यायची आणि बाकीची भूक तूप, तेल, खोबरे, अंडी, मासळी यांतील स्निग्धांशावर भागवायची. शिजवलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीला जो भात पानात पडतो, तेवढ्यातच बिचाऱ्याचा दिवसाचा शिधा संपला. असे काही दिवस चालले की यकृत चरबीपासून केटोन नावाची द्रव्ये तयार करू लागते आणि एरवी साखरेवर चालणारा मेंदू त्यांवर बराचसा निभावून नेतो. आणखी काही आठवड्यांत स्नायूही चरबी जाळण्यात तरबेज होतात. शरीर या आहाराला 'सरावले' असे म्हणतात ते यालाच. मुळात हा आहार वजन उतरवण्यासाठी निघालेलाच नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, विशेषतः लहान मुलांत, तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो.

महाराष्ट्रात आहाराचा वाद घरोघर पोहोचला तो वेगळ्या वाटेने. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या भाषणांतून इन्शुलिनचा विचार मांडला. त्यांच्या निधनानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटे चाला. दुसऱ्या बाजूने ऋजुता दिवेकर वरण-भात-तुपाची कड घेऊन उभ्या राहिल्या. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दीक्षितांची पद्धत म्हणजे किटो नव्हे. तिचा रोख स्थूलपणा आणि मधुमेह यांवर आहे आणि तिच्यात भात वर्ज्य नाही. पण गावच्या पारावर आणि मोबाईलवर एवढे बारकावे कोण पाहतो? सगळ्यांचा काला होऊन शेवटी दोन शब्द उरले: भात सोडा.

पन्नाशीच्या गृहस्थांनी डॉक्टरांना विचारून भात सोडला किंवा कमी केला, तर माझे काहीही म्हणणे नाही. माझी तक्रार आहे ती हा मंत्र कबड्डीच्या मैदानात शिरल्याबद्दल.

रायगडात कबड्डी हा नुसता खेळ नाही, तो कुळाचार आहे. प्रत्येक आळीचा संघ असतो, प्रत्येक संघाचा देव असतो आणि देवाच्या जत्रेला सामने असतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे खेळाडू घराघरांतल्या पडद्यावर आले. पण आमच्याकडे त्याआधीपासूनच चांगल्या चढाईपटूकडे लोक आदराने पाहत. पोलीस, रेल्वे, बँका यांच्या संघांत निवड झाली तर नोकरी मिळते. समुद्र, शेती आणि पर्यटकांच्या खोल्या यांच्यापलीकडे जाण्याचा तो एक रस्ता आहे. निवड चाचणीचा दिवस वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी पाय जड पडले तर वर्ष गेले, आणि वय काही थांबत नाही.

आता शरीराचा जमाखर्च पाहू. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठवतात. म्हणजे सुमारे दोन हजार उष्मांक. उलट साठ किलोच्या शिडशिडीत पोराच्या अंगातही पाच-सहा किलो चरबी असते आणि तिचे उष्मांक पन्नास हजारांच्या घरात जातात. किटोवाल्यांचा सारा युक्तिवाद या दोन आकड्यांवर उभा आहे. घरात एवढे मोठे कोठार असताना खिशातल्या चिल्लरीवर का जगायचे? युक्तिवाद बिनतोड वाटतो. शिवाय त्याला इतिहासाचाही आधार आहे. १८७८ ते १८८० या काळात अमेरिकन लष्करातील लेफ्टनंट फ्रेडरिक श्वात्का उत्तर ध्रुवाकडील बर्फात इन्युइट सोबत्यांबरोबर हजारो किलोमीटर फिरला. बरोबरचा शिधा संपल्यावर ही मंडळी मुख्यतः शिकारीच्या मांसावर राहिली. श्वात्काने नोंदवून ठेवले आहे की, असा आहार सुरू केल्यावर प्रथम अशक्तपणा वाटतो, पण दोन-तीन आठवड्यांत तो जातो.

विरुद्ध बाजूचा पुरावाही जुना आहे. १९२४ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा थकून कोसळण्याच्या बेताला आलेल्यांची साखर फारच खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांना वाटेत गोळ्या-मिठाई दिली आणि फरक दिसला. १९३९ साली डेन्मार्कच्या क्रिस्टेन्सेन आणि हॅन्सेन यांनी दाखवले की, स्निग्ध आहारावरचा माणूस सायकलवर दीड तासात थकतो, तर पिष्टमय आहारावरचा चार तासांपर्यंत टिकतो. यावर किटोचे समर्थक म्हणतात, त्या माणसांना सरावण्याला वेळच कुठे दिला होता? आक्षेप रास्त आहे. म्हणून १९८३ सालचा स्टीफन फिनी यांचा प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे जवळजवळ पिष्टाशिवाय ठेवले. मध्यम वेगाने थकेपर्यंत सायकल मारण्याची त्यांची सरासरी वेळ आधी १४७ मिनिटे होती, नंतर १५१ झाली. म्हणजे सरावलेले शरीर साखरेवाचून चालते, हे सिद्ध झाले. मात्र पाचांपैकी एकाची वेळ खूपच वाढली आणि काहींची चक्क घटली, हे सरासरीच्या पोटात लपून राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात किटोला दीर्घकाळ सरावलेले लांब पल्ल्याचे धावपटू मिनिटाला दीड ग्रॅम चरबी जाळताना दिसले. भात-पावावरचे धावपटू त्याच्या निम्म्याहूनही कमी. हेही मान्य करायला हवे. विरोधकाचे खरे तेवढे मान्य न करता वाद घालणे ही निवडणुकीच्या सभेतली रीत आहे, महाविद्यालयाच्या वार्षिकातली नव्हे.

पण चरबी जास्त जळणे म्हणजे वेग वाढणे नव्हे. सगळा गोंधळ येथे होतो. चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो. एक लिटर प्राणवायूत साखरेपासून सुमारे पाच उष्मांक मिळतात, चरबीपासून सुमारे पावणेपाच किंवा त्याहून किंचित कमी. फरक शेकड्यात सात-आठ. सावकाश चालताना हा फरक कळतही नाही, कारण श्वास मुबलक असतो. छाती फुटेस्तोवर धावताना मात्र श्वास हेच भांडवल असते, आणि तेव्हा सात-आठ टक्के म्हणजे पहिला आणि दहावा क्रमांक यांतले अंतर. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंना तीन आठवडे वेगवेगळ्या आहारांवर ठेवून सारखाच कसून सराव करवून घेतला. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. पिष्ट खाणाऱ्या दोन्ही गटांची दहा किलोमीटरची वेळ पाच ते साडेसहा टक्क्यांनी सुधारली. किटो गटाची सुधारली नाही. सरासरीने ते किंचित मागेच पडले. सराव त्यांनीही तितकाच केला होता, घामही तितकाच गाळला होता. पुढे हाच प्रयोग पुन्हा केला आणि उत्तर तेच आले.

हे झाले तासभर चालणाऱ्या शर्यतीचे. कबड्डीत तर चढाई तीस सेकंदांची! आणि तीही दम धरून. 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका श्वासात जायचे, सात जणांच्या कोंडाळ्यात पाय टाकायचा, हात लावायचा आणि मध्यरेषेला परत यायचे. एवढ्या थोड्या वेळात लागणारी झटक्याची शक्ती शरीर मुख्यतः प्राणवायूवाचून काढते. प्रथम स्नायूंतल्या तयार द्रव्यातून आणि लगेच पुढे साखरेतून. चरबी प्राणवायूवाचून जळतच नाही. पन्नास हजार उष्मांकांचे कोठार आहे खरे, पण त्याचा दरवाजा इतका अरुंद आहे की, पकड सोडवून रेषेवर झेप घ्यायच्या क्षणी त्यातून काही बाहेर पडत नाही. त्यातून किटोला सरावलेल्या स्नायूंत साखर जाळण्याच्या यंत्रणेवरच गंज चढतो. साखर समोर असली तरी ती भराभर वापरता येत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. २००६ साली दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगात सायकलपटूंना सहा दिवस स्निग्ध आहार आणि मग एक दिवस भरपूर पिष्ट दिले. शंभर किलोमीटरच्या एकूण वेळेत त्यांचा मोठा तोटा झाला नाही, पण मधल्या एक-एक किलोमीटरच्या जोरदार धावांत त्यांची ताकद कमी पडली. गंमत म्हणजे, पुढे कमी पिष्टाच्या आहाराचे मोठे पुरस्कर्ते झालेले टिम नोक्स हे त्या प्रयोगाच्या लेखकांपैकी एक. सामना चाळीस मिनिटांचा असतो आणि त्यात अशा जोरदार धावाच सगळ्या. मधली सरासरी घेऊन पंच गुण देत नाहीत.

आमच्या मुलांचा सराव वाळूवर होतो, हे यात आणखी धरले पाहिजे. काशीदची पांढरी वाळू पाहुण्यांना फोटोपुरती आवडते. तिच्यात धावून पाहिल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही. कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते, धावायला दीडपटीहून अधिक. म्हणजे भरतीच्या रेषेवरून तासभर सराव केलेल्या पोराने तेवढेच अंतर मातीच्या मैदानावर धावणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक साखर खर्च केलेली असते. ती परत भरायला घरी जाऊन भात खायचा, की उकडलेली अंडी मोजत बसायचे?

मग ही मुले भात सोडतातच का? किटोचा अभ्यास करून नव्हे. कारण आहे वजनकाटा. कबड्डीत वजनाची मर्यादा असते. वरिष्ठ पुरुषांना ती ८५ किलो आहे, पण खरी ओढाताण होते कुमार-किशोर गटांत आणि गावोगावच्या वजनी गटांच्या सामन्यांत. दोन किलो जास्त भरले की मुलगा आठ दिवस भात-भाकरी बंद करतो, आणि आश्चर्य असे की वजन खरेच उतरते! मग सगळा संघ त्याच्या मागे लागतो. या आश्चर्याचा उलगडा साधा आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्नायूत आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पिष्ट बंद केले की साठा रिता होतो आणि पाणी वाहून जाते. दीड-दोन किलो उतरले ते हे. चरबी फारशी हललेलीच नसते. म्हणजे मुलाने काट्यावर जे कमी करून दाखवले ते त्याचे इंधन होते, आणि तो आता रिकाम्या टाकीने मैदानात उतरणार असतो. शरीर सरावायला तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फक्त श्वात्काने लिहिलेला तो पहिला अशक्तपणा पदरात पडतो. किटोचा फायदा नाही आणि भाताचाही नाही. आमच्या संघातला एक उत्तम चढाईपटू गेल्या हंगामात असाच काट्यावर पास झाला आणि दुसऱ्या डावात मध्यरेषेपासून हातभर अलीकडे सापडला. लोक म्हणाले, नशीब. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अंतिम लढतीतून बाद झाली, तेव्हा साऱ्या देशाला काट्याची क्रूरता कळली. आमच्या तालुक्यात तो काटा दर हंगामात असतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक नाजूक आहे. त्यांच्यावर काट्याचा दाब आणि 'बारीक राहा' हा घरचा दाब असे दोन्ही एकदम येतात. सरावाच्या मानाने अन्न कमी पडत राहिले की पाळी अनियमित होते, कधी बंदच पडते आणि हाडे कमकुवत होतात. हे सांगायला आमच्याकडे संकोच वाटतो, आणि मार्गदर्शक पुरुष असल्यामुळे मुलगी ते त्याला सांगत नाही. अशा मुलीने भात टाकला तर तिची जागा भरून काढणारे दुसरे काही तिच्या ताटात येणार आहे का? बदामाचे पीठ, चीज आणि परदेशी फळे यांच्या किमती पाहिल्या आहेत ना?

येथे कोणी म्हणेल, किनाऱ्यावर नारळ आहे, मासळी आहे, किटोला याहून चांगली जागा कोणती? बोलणे ऐकायला बरे वाटते, पण ते पर्यटकांच्या हंगामापुरतेच. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, घरात सुकट-बोंबील तेवढे. आणि नेमकी तेव्हाच भाताची लावणी चालू असते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून काम, डोक्यावर पाऊस. वर्षातले सर्वांत जड काम आणि सर्वांत कमी मासळी एकाच वेळी येतात. त्या दोन महिन्यांत पेज, भात आणि तांदळाची भाकरी यांनी माणसे उभी ठेवली आहेत. पुढे श्रावण लागला की अनेक घरांत सुकी मासळीही बंद.

सावकाश आणि लांब चालणाऱ्याचे तरी किटोवाचून अडते का? आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणारे वारकरी पाहा. त्यांत साठी-सत्तरीची माणसे असतात आणि वाटेत पिठले-भाकरी खाऊन ती चालतात. या चालीला शरीर आपोआपच बरीचशी चरबी जाळते. त्यासाठी भाकरी सोडावी लागत नाही. आपली एकादशीसुद्धा साबुदाणा, रताळी, बटाटा यांवर चालते, म्हणजे उपवासही पिष्टाचाच! किटोचा खरा उपयोग उरतो तो थोड्यांना. रात्रंदिवस धावण्याच्या शर्यती करणारा, ज्याला वेगापेक्षा पोटातल्या मळमळीची काळजी अधिक, असा एखादा. किंवा ज्याला वैद्यकीय कारण आहे असा रुग्ण. त्या थोड्यांसाठी तो जरूर असावा. पण मुंबईहून गाडीत बसून येणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे पथ्य वाळूत धावणाऱ्या पोराने उचलावे, हे म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने आपले पुस्तक वाचण्यासारखे आहे.

करता येण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्यात वजनकाटा असतो, बहुधा कोपऱ्यात धूळ खात. खेळाडूंची वजने जूनपासून दर पंधरा दिवसांनी त्यावर नोंदवावीत, आणि कोणी कोणत्या गटात खेळायचे हे गणपतीच्या सुट्टीआधी ठरवून टाकावे. दोन किलो उतरवायचे असतील तर अडीच-तीन महिने हाताशी राहतात. तेवढ्यात रात्रीची फरसाणाची पुडी आणि शीतपेये बंद केली तरी ते उतरतात. दर पंधरवड्याला मुलींच्या नोंदी महिला प्राध्यापकांनी घ्याव्यात. आणि सामन्याच्या आदल्या रात्री संघ परगावी मुक्कामाला असेल, तेव्हा जेवणाच्या खर्चात काटकसर म्हणून नुसता वडापाव देऊ नये. भात, डाळ आणि मिळेल ती मासळी द्यावी, आणि भात दुसऱ्यांदा मागायला मुलांना लाज वाटणार नाही एवढा शिजवावा.